वधू छापली गेली, वर अजून नाही

घोडपदेव, मुंबई
खंडेनवमी, दुपार

ती. रमाकांतदादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. आजची ताजी बातमी अशी, की समोरच्या खोलीतल्या काशीबाई कोळणीच्या नातीची लग्नपत्रिका आमच्या नव्या कॉम्प्युटरवरून वधूच्या नावापर्यंत छापून झाली आहे. वराचं नाव कागदावर येण्याआधीच मशीन बंद पडलं. या बातमीला खुद्द वधूच्या आजीने, म्हणजे काशीबाईंनी दुजोरा दिला आहे, आणि तो त्यांनी गॅलरीत उभं राहून दिल्यामुळे खालच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना मिळाला आहे. (सायंदैनिकाच्या डेस्कवर जन्म गेला, त्यामुळे आधी बातमी आणि मग ख्यालीखुशाली, ही सवय काही सुटत नाही. रागावू नकोस.)

आता ख्यालीखुशाली. वहिनी फोनवर म्हणाल्या की तू इगतपुरीला मौनाला बसला आहेस आणि परवा सुटशील. तब्येत कशी आहे असं मौनात बसलेल्या माणसाला विचारावं की नाही, मला ठाऊक नाही. पण पाठीचं दुखणं कसं आहे? इतका वेळ मांडी घालून बसवतं का? इथे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी आई, म्हणजे आमची आनंदीमावशी, नवरात्रासाठी आमच्याकडे आल्यापासून घराला घराची कळा आली आहे. समईची वात तीच वळते, माळही तीच ओवते, आणि मी दुपारी आडवा झालो की पंखा बंद करायलाही तीच येते, कारण बसलेल्या घटाला वारा लागू नये असं तिचं म्हणणं आहे. तर ती खुशाल आहे, असं मी कालपर्यंत बिनदिक्कत लिहिलं असतं. तिच्याविषयी पुढे लिहितोच.

दादा, हे सगळं तुझ्यापासून सुरू झालं, हे आधी मान्य कर. तुझ्या भावजयीची, मृणालिनीची, डिलाईल रोडची टायपिंगची इन्स्टिट्यूट पाडव्याला बंद झाली ते तुला ठाऊक आहेच. संपाच्या काळात तिथे बसायला बाक पुरायचे नाहीत. बापाची गिरणी गेली म्हणून पोरं हातात काहीतरी असावं यासाठी यायची, आणि गल्लीतून जाणाऱ्याला वाटायचं की आत लोखंडी पत्र्यावर गारा पडताहेत. आता टाइपरायटर शिकायला कोणी येत नाही, फितही मिळत नाही. घरी बसून तिची बोटं सारखी चालायची, म्हणजे अक्षरशः चालायची, डाळ निवडताना ताटात ती मजकूर टाइप करायची. तेव्हा ठरलं की कॉम्प्युटर घ्यायचा आणि घरूनच पत्रिका, अर्ज, मजकूर जुळवून द्यायचे. आणि तू फोनवर म्हणालास, तयार मशीन घेऊ नकोस, सुटे भाग आण आणि स्वतः जोड, त्यात काय आहे, अर्ध्या तासाचं काम. तू कारखान्यात इंजिनीअर होतास. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं जोडत आलो. पण हो म्हणून बसलो, आणि मृणालिनीसमोर म्हणालो, त्यामुळे मागे फिरायची सोय उरली नाही.

पहिलं काम आलं ते काशीबाईंच्या नातीचं. राधाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, वरळीचा मुलगा आहे. त्यांच्यात पहिली पत्रिका कार्ल्याला एकवीरा आईच्या पायाशी ठेवतात, आणि उद्या दसऱ्याला सकाळी त्यांची सगळ्या नातेवाइकांची बस कार्ल्याला निघते. छापखान्यातल्या पत्रिका मागाहून येतील, पण एक तरी सुबक प्रत आज संध्याकाळपर्यंत हातात हवी. काशीबाईंचं बोलणं तू ऐकलेलं नाहीस. "मास्तरीण बाय, तुज्यावर जीव हाय म्हून तुला देतंय," त्या म्हणाल्या. "पन आयचं काम हाय. झालं न्हाय तर नाक्यावरच्या सायबरवाल्याकडं जाईन, मग रुसू नको." मृणालिनी रुसणार नाही, पण चाळीत काशीबाईंचं पहिलं काम हातून गेलं तर दुसरं काम कोण देणार? तो सायबरवाला मुलगा तिचाच विद्यार्थी आहे, हे तर तिला आणखीच लागलं असतं.

तर सप्तमीला मी लॅमिंग्टन रोडवरून सगळे भाग आणि एक प्रिंटर आणला. नवी वस्तू आधी देवापुढे ठेवायची, हा मावशीचा नियम. त्यामुळे खोकी उघडून प्रोसेसर आणि त्याचा हीटसिंक देव्हाऱ्याखालच्या पाटावर रात्रभर घटाच्या शेजारी बसले. (वहिनींसाठी खुलासा: प्रोसेसर म्हणजे खाऱ्या बिस्किटाएवढी चौकोनी चिप. हीच सगळं काम करते आणि काम करता करता भयंकर तापते. हीटसिंक म्हणजे तिच्या डोक्यावर बसवायचा पातळ पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा. तो चिपची उष्णता ओढून घेतो आणि त्याच्यावरचा पंखा ती उडवून लावतो. थोडक्यात, चिप नवऱ्यासारखी आणि ठोकळा बायकोसारखा. हे वाक्य मृणालिनीने वाचलं असून तिने ते राहू दिलं आहे.)

अष्टमीला सकाळी आंघोळ करून मी कामाला बसलो. तू सांगितल्याप्रमाणे चिपच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण शोधायचा होता. तो मला दिसेना. शेवटी प्रुफं तपासायचं भिंग काढलं. त्रिकोण सापडला तेव्हा मावशी म्हणाली, त्याचं तोंड पूर्वेला हवं. मी म्हटलं, मावशी, खाचेत जो कोपरा आहे तिथेच तो बसतो, पूर्व-पश्चिम नाही. ती म्हणाली, "अरे गंगाधरा, पहिल्या दिवशी तरी." शेवटी मृणालिनीने टेबलच फिरवलं. त्रिकोण खाचेतल्या खुणेलाही जुळला आणि पूर्वेलाही, आणि मला कळलं की इतकी वर्षं इन्स्टिट्यूट कोणामुळे चालली. पुढे खाचेच्या कडेची दांडी उचलली, चिप अलगद ठेवली. दाबू नकोस असं तू बजावलं होतंस, म्हणून मी श्वाससुद्धा दाबून धरला नाही. रोजच्या जागी बसणारा माणूस बसतो तशी ती आपसूक खाली बसली. दांडी लावली. मला त्या क्षणी वाटलं, मी उगाच बातमीदारीत गेलो.

मग हीटसिंक उचलला, उलटा करून पाहिला, आणि काय सांगू दादा! खालचा तांब्याचा भाग असा लखलखत होता की त्यात माझी मिशी दिसली. मी सगळ्यांना दाखवला. म्हटलं, बघा, माल असावा तर असा, डाग नाही, ओरखडा नाही. मावशी कोपऱ्यात बसून लाजल्यासारखी हसली. मला वाटलं, भाच्याचं कौतुक वाटलं तिला.

ठोकळा चिपवर ठेवला, पण त्याचे दोन्ही बाजूंचे अडकवायचे आकडे काही लागेनात. मी दाबतो आणि थांबतो, कारण खालचं सर्किटचं पान पापडासारखं वाकायचं. तेवढ्यात काशीबाईंचा लहू आला, म्हणजे राधाचा बाप. संपात गिरणी सुटल्यापासून तो आईबरोबर भाऊच्या धक्क्यावर माल उतरवतो, त्याचे पंजे तू पाहायला हवेस. "काका, बाजूला व्हा," म्हणाला, "बर्फाच्या पेटीचं झाकन याच्यापेक्षा कडक असतं." आणि त्याने अंगठा ठेवला. कटकन आवाज आला. मग लहूनेच वाकून पाहिलं आणि जाहीर केलं की आवाज आकड्याचा होता. दुसरा आकडा लावताना मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

बटण दाबलं आणि पंखा फिरला, पडदा उजळला! मावशीने ओवाळलं. मृणालिनी साडीचा पदर खोचून बसली आणि तिने जे टाइप करायला सुरुवात केली, ते पाहण्यासारखं होतं. श्री एकवीरा आई प्रसन्न, मग कुलदैवतं, मग मजकूर, मग खालची नावं. कोळ्यांच्या पत्रिकेत नावं विसरायची नसतात, एखादं राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही आणि पुढच्या पिढीपर्यंत लक्षात ठेवतो. काशीबाई शेजारी बसून एकेक नाव सांगत होत्या. त्यांच्या दिराचं, विठोबांचं नाव लिहिताना त्या जरा अडखळल्या (दोघांची मिळून एक होडी होती, ती निळी रंगवायची की हिरवी यावरून दहा वर्षं बोलणं बंद आहे), पण लहूने डोळे वटारले म्हणून सांगितलं. मृणालिनीने विठोबा हे नाव टाइप केलं, आणि पडदा काळा झाला. मशीन बंद.

मी वायरी हलवल्या. सगळ्यांनी चहा घेतला. पुन्हा बटण दाबलं तर सगळं व्यवस्थित सुरू, पण पत्रिका गायब. मृणालिनीने ती साठवलीच नव्हती. तीस वर्षं टाइपरायटरवर काम केलेली बाई ती, अक्षर उमटलं की उमटलं, ते पुन्हा वेगळं ठेवायला सांगावं लागतं हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. (माझ्याही नव्हतं. पण मी तिच्याकडे पाहून मान हलवली, याबद्दल नंतर मला पाणीही स्वतः घ्यावं लागलं.) तिने पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं. विठोबा आले. मशीन बंद.

आता काशीबाई उठून उभ्या राहिल्या. "बगलं? आयला नको हाय तो पत्रिकेत!" लहू म्हणाला, काका आहे तो माझा, नाव पाहिजेच. मायलेकांचं जे जुंपलं ते ऐकायला खालच्या मजल्यावरून बायका वर आल्या. या गोंधळात पुन्हा चहा झाला, मशीनही थंड झालं. माझ्या बायकोचं डोकं तेवढ्यातही ठिकाणावर होतं. तिसऱ्या खेपेला तिने गुपचूप विठोबांचं नाव सगळ्यात वर टाकलं. मशीनला काही वाटलं नाही. ते चालत राहिलं, चालत राहिलं, एकामागून एक नातेवाईक बसत गेले, आणि तिने काशीबाई या नावातला शी काढायला बोट उचललं आणि मशीन बंद पडलं.

दादा, मी काशीबाईंना गप्प झालेलं प्रथमच पाहिलं. लहू भिंतीला टेकून हसत होता. "आये, आता बोल की आयला कोन नको हाय." काशीबाई पदराने घाम पुसून म्हणाल्या, "ठेव त्याचं नाव. पन माज्या खाली." असा दहा वर्षांचा अबोला आमच्या नादुरुस्त मशीनने निम्मा सोडवला.

मग मृणालिनी साठवायला शिकली. मशीन थंड करायचं, चार नावं लिहायची, साठवायची, पुन्हा थंड करायचं, असं करत काल संध्याकाळी पत्रिका पुरी झाली. आज सकाळी छापायला घेतली. कागद सरकू लागला, देवी आली, कुलदैवतं आली, चि. सौ. कां. राधा आली, आणि मशीन बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा राधापाशीच. नवरी छापली गेली आणि नवरा नाही, असा कागद काशीबाईंच्या हातात पडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आणि मग त्या गॅलरीत गेल्या, हे सुरुवातीला लिहिलंच आहे.

मी दुकानात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "अंकल, गरम हो के बंद हो रहा है. नीचे पेस्ट है ना?" मी म्हटलं, कसली पेस्ट? तो म्हणाला, हीटसिंकच्या तळाला राखाडी रंगाची पेस्ट लावलेली येते, तिच्यामुळे दोन धातू नीट चिकटतात आणि उष्णता वर जाते. मी म्हटलं, छे, आमचा तळ तर अगदी लख्ख आहे, आरसा आहे. आणि माझ्या पाठीमागून मावशीचा आवाज आला, "ती राखाडी घाण का? ती मीच काढली."

अष्टमीला पहाटे ती ताम्हण, पळी, निरांजनं घासायला बसली होती. पाटावरचा ठोकळा तिने उलटा करून पाहिला, तर तांब्यावर राखाडी काहीतरी माखलेलं. देवापुढे मळकं तांबं कसं ठेवायचं? तिने चिंच-मीठ लावून तो पळीबरोबर घासला, धुऊन पुसला, पंख्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही, आणि परत जागेवर ठेवला. वर मी सगळ्या चाळीसमोर त्या घासण्याची तारीफ केली.

मृणालिनी माझ्याकडे पाहत होती, कारण मालाचं कौतुक मी केलं होतं. मावशी उठून आत गेली. तेव्हापासून ती बोललेली नाही. जेवलेलीही नाही. मघाशी तिने पलंगाखालून आपली पिशवी ओढून काढली आणि लुगड्यांच्या घड्या घालायला बसली. लहू पेस्ट आणायला लॅमिंग्टन रोडला गेला आहे. टेबलावर हीटसिंक उलटा पडून चकाकतो आहे, मृणालिनी शेजारी हाताची घडी घालून बसली आहे, आणि समोरच्या दारात काशीबाई पायात चपला घालून तयार आहेत. पाच वाजेपर्यंत थांबते म्हणाल्या, मग सायबरवाला. कामाची वेळ गाठायची आयुष्यभराची सवय, आणि आज हातात काहीच काम नाही, म्हणून हे पत्र लिहीत बसलो.

वहिनींना सांग, पाठवलेला चिवडा संपला.

तुझा,
गंगाधर

ता. क. खरं तर हे पत्र एवढ्यासाठीच. तुझं मौन सुटलं की कृपा करून पहिला फोन इथे कर आणि मावशीला सांग, की कारखान्यातून आलेली ती पेस्ट काढून टाकावीच लागते, चांगले इंजिनीअर आधी तेच करतात, आणि तिने केलं ते बरोबरच केलं. खोटं बोलायला तुला जड जाईल, दहा दिवस खरं बोलण्याचा सराव करून येशील. पण ती माझं ऐकायची नाही, तिचा मुलगा इंजिनीअर आहे. म्हातारी अशी रुसून, उपाशी, पिशवी भरून नाशिकला तुमच्या दारात आली तर मी वहिनींना तोंड दाखवू शकणार नाही.

ता. क. दुसरा. लहू पावणेपाचला आला. (काशीबाईंनी डाव्या पायाची चप्पल काढली होती, उजवी घातलेलीच होती.) हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्ट चिपवर ठेवली, ठोकळा बसवला, आकडे लहूने लावले, या वेळी मी खोलीतच थांबलो. पत्रिका छापली. देवी आली, राधा आली, आणि राधाच्या खाली वरळीचा मुलगा आला! त्याच्यामागून सगळे नातेवाईक आले, काशीबाई आल्या आणि त्यांच्या खाली विठोबा. काशीबाईंनी कागद कपाळाला लावला आणि मृणालिनीच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. छापखान्यात द्यायची पत्रिकाही हिचीच, आणि त्यांच्या वाडीत या हंगामात जेवढी लग्नं आहेत त्यांचीही हिच्याकडेच देववते म्हणाल्या. आणि मी न मागता मला पाणी मिळालं.

ता. क. तिसरा. वरचा मजकूर रद्द समज, म्हणजे फोनचा भाग. पाकीट बंद करण्याआधी मावशीने पत्र मागितलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, कोण रुसलंय? नवमीचा उपास होता म्हणून ती जेवली नव्हती. पोथीचा पाठ पुरा होईपर्यंत बोलायचं नसतं म्हणून बोलत नव्हती. आणि पिशवी नाशिकसाठी नव्हतीच. काशीबाईंनी तिला परवाच कार्ल्याचं आमंत्रण दिलं आहे, खिडकीची जागासुद्धा धरली आहे. तुला तिने निरोप दिलाय तो जसाच्या तसा लिहितो: "रमाकांताला म्हणावं, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. आणि तो ठोकळा पुन्हा काढलात तर आधी माझ्याकडे द्या, त्या पेस्टने कडा बरबटल्या आहेत."

बस उद्या सकाळी सहाला सुटेल. पत्रिका मावशीच्या पिशवीत, लुगड्यांच्या घडीत ठेवली आहे. पत्रिकेत आपलं नाव आहे हे लहूने विठोबांना कळवलं असून तेही बसला येणार आहेत, काशीबाईंच्या मागच्या बाकावर. विठोबांच्या धाकट्या मुलाचं लग्न पौषानंतर आहे. त्याही पत्रिकेचं काम मृणालिनीकडे येईल अशी अपेक्षा असून, तिच्यात काशीबाईंचं नाव विठोबांच्या वर छापलं जातं की खाली, याकडे सगळ्या चाळीचं लक्ष लागलं आहे.